वर्गणी दिली म्हणजे शूटिंगचा हक्क मिळाला?

‘वर्गणी आमची, मैदान गावचं, मग शूटिंगला परवानगी कशाला?’ जत्रा भरली, गणपती आले, सप्ताह बसला की सास्तूर-लोहारा भागात हा सवाल हमखास कानावर येतो. तो इतक्या ठामपणे विचारला जातो की ऐकणाऱ्याला पटूनही जातो. पण तो चूक आहे. वर्गणीच्या किंवा तिकिटाच्या पैशात कार्यक्रम पाहायला-ऐकायला मिळतो. कला आपल्या मालकीची होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क आला आणि २०१२मध्ये तो आणखी भक्कम झाला. सादरीकरणाचं चित्रण करणं, प्रती काढणं, ते लोकांपर्यंत पोचवणं, हे सारं ठरवण्याचा हक्क कलावंताचा आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. हे मोठ्या गायक-नटांपुरतं असेल, असं वाटणाऱ्यांनी कायद्यातली व्याख्या वाचावी. नर्तक आणि वादकांच्या जोडीला कसरती करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारासुद्धा तिथे स्पष्ट नोंदलेला आहे. मग तमाशातली नर्तकी, सोंगाड्या, ढोलकीवाला आणि कीर्तनकार त्यातून कसे सुटतील? मैदान उघडं आहे, यानं काडीचा फरक पडत नाही.

याचा अर्थ फोन काढला की गुन्हा झाला, असाही नाही. कलम ३९नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेलं चित्रण हक्कभंग ठरत नाही. घरी आजीला दाखवायला लावणीची दोन मिनिटं टिपणं वेगळं आणि अख्खा वग यूट्यूबवर चढवणं वेगळं. मग जागोजागी नियम निरनिराळे का? कारण त्यांची मुळं निरनिराळी आहेत. सिनेमागृहात विनापरवाना चित्रण हा चित्रपट कायद्याखाली गुन्हा आहे. २०२३च्या दुरुस्तीनंतर त्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद होऊ शकते. नाटकाला हा कायदा लागू नाही. तिथली बंदी नाट्यगृहाची किंवा संस्थेची अट असते, कारण अंधारात उजळलेला फोनचा एक पडदाही नटाचं लक्ष मोडतो. मोठ्या मैफलींत आणि स्टेडियमवर लेन्स बदलता येणारा कॅमेरा दारातच अडवतात आणि फोन आत सोडतात. आजचा फोन ४के चित्रण करतो, त्यामुळे हा नियम कालबाह्य झाला, ही तक्रार रास्त आहे. पण संयोजकांचा नियम ढिसाळ निघाला म्हणून कलावंताचा हक्क रद्द होत नाही.

‘आम्ही तर फुकट प्रसिद्धी करतो’ हा पुढचा युक्तिवाद. काही कलावंतांना ती हवी असते, आणि ते खुशाल परवानगी देतात. प्रश्न हा की ठरवणार कोण? तमाशाचा फड आज एका गावात, उद्या दुसऱ्या गावात तोच वग लावतो. गण-गवळणीनंतरच्या बतावणीतला हजरजबाबीपणा ऐकण्यासाठी लोक कनातीच्या दारावर तिकीट काढतात. तो सगळा आधीच फोनवर पोचला तर पुढच्या मुक्कामी गल्ला बसतो, आणि त्या गल्ल्यावर साऱ्या फडाचं पोट असतं. ‘चित्रण झालं नाही तर लोककला नामशेष होईल’ ही काळजी खरी आहे. तिचा मार्ग फडमालकाला विचारून नीट, पूर्ण आणि नावांसह दस्तऐवज करणं हा आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘नाव दिलं की झालं’: श्रेय देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फ्लॅश मारला की लांबूनही फोटो चांगला येतो’: फोनचा फ्लॅश काही मीटरच पोचतो; उजळतात ती पुढच्या रांगेतली डोकी. ‘मंडळाने जॅमर लावावा’: केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा आहे. ‘स्वयंसेवक फोन घेऊन व्हिडिओ पुसू शकतो’: नाही, तो चित्रण थांबवायला किंवा बाहेर जायला सांगू शकतो. ‘रंगमंचावर नाचणारी बाई, मग राहुटीत टिपलं तर काय बिघडलं?’: कपडे बदलणाऱ्या स्त्रीचं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी किमान १ वर्षाची कैद आहे.

संयोजकांनी करायचं ते अवघड नाही. सुपारी ठरवतानाच कलावंतांना विचारावं: फोटो चालेल का, किती चित्रण चालेल, इंटरनेटवर टाकलेलं चालेल का. उत्तर मिळेल ते कार्यक्रमाआधी माइकवरून सांगावं आणि पुढाऱ्यापासून पोरासोरांपर्यंत सर्वांना सारखं लागू करावं. नियम स्पष्ट असला की भांडणं कमी होतील, आणि ज्याच्या कलेसाठी गाव जमलं त्याचा शब्द गाव पाळेल.