बाळाचे कपडे : साबणापेक्षा खळबळणे महत्त्वाचे, डांबरगोळ्यांपासून मात्र सावध

तांबरम (चेन्नई) : नवजात बाळाच्या अंगावर पुरळ दिसले की घरातील मंडळींचा पहिला संशय कपड्यांच्या साबणावर जातो आणि बाळांसाठीची महागडी बाटली घरात येते. असे बरेचसे पुरळ आपोआप जाते व त्याचा धुण्याशी काही संबंध नसतो. कपड्यांमुळे जो त्रास होतो, त्यात मात्र साबणाच्या नावापेक्षा कापडात काय शिल्लक राहिले, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

नवजात बाळाच्या त्वचेचा बाह्य थर पातळ असतो. प्रौढांच्या त्वचेवरील सौम्य आम्लधर्मी आवरण जन्मतः तयार नसते. ते पुढील काही दिवसांत आणि आठवड्यांत घडत जाते. धुण्याची पावडर व वडी साधारणतः अल्कधर्मी असतात. कापडात राहिलेला त्यांचा अंश घामाने किंवा लघवीने ओला होऊन मान, काख आणि जांघेच्या घड्यांत त्वचेला लागतो.

हवाई दलाचा तळ आणि रेल्वे यांमुळे देशभरातील कुटुंबे वस्तीला येणाऱ्या तांबरममध्ये ही अडचण पाण्यापासून सुरू होते. चेन्नईच्या या दक्षिण उपनगरात अनेक घरे कूपनलिका आणि टँकरवर अवलंबून आहेत. कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. फेस येत नाही म्हणून साबण वाढवला जातो, टंचाईमुळे खळबळण्याचे पाणी कमी केले जाते आणि साका कापडातच राहतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तेथे ६०० पर्यंत चालवून घेतला जातो.

अशा ठिकाणी वडीऐवजी सौम्य, सुगंधरहित द्रव डिटर्जंट मोजून वापरणे आणि कपडे किमान दोन-तीन पाण्यांतून काढणे हिताचे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी धुण्यासाठी वापरण्याची काटकसर स्तुत्य असली, तरी त्यात क्षार अधिक असल्याने बाळाच्या कपड्यांना ते नको. तमिळनाडूत २००३ पासून इमारतींवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी मऊ असल्याने शेवटच्या खळबळण्यासाठी उत्तम. नीळ, सुगंधी सॉफ्टनर किंवा शेवटच्या पाण्यात जंतुनाशक द्रव घालण्याची गरज नसते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात दुपटी, लंगोट दमट राहतात. ते पूर्ण वाळवून, लागल्यास इस्त्री करूनच वापरावेत.

नवे कपडेही न धुता घालू नयेत. १८८६ मध्ये लंडनमध्ये काही नवजात बाळे निळी पडल्याची नोंद झाली होती; लंगोटांवरील शिक्क्याच्या शाईतील अॅनिलिन त्वचेतून रक्तात गेले होते.

जुन्या कपड्यांबाबतचा धोका याहून गंभीर आहे. तमिळ घरांतील ‘तूळी’ काय किंवा मराठी घरांतील झोळी काय, दोन्ही जुन्या सुती साडीच्या असतात. मऊ, अनेकदा धुतलेले कापड बाळासाठी चांगलेच. पण ही साडी, दुपटी आणि टोपडी कपाटात डांबरगोळ्यांसोबत ठेवलेली असतात. त्यातील नॅफ्थलीन श्वासावाटे आणि त्वचेतून शरीरात जाते. तेल लावलेल्या अंगातून ते अधिक शोषले जाण्याची शक्यता असते. ‘जी-६-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्यामुळे झपाट्याने फुटू शकतात. ही कमतरता मुलग्यांत अधिक आढळते आणि तपासणीशिवाय सहसा कळत नाही. वाढलेली कावीळ मेंदूपर्यंत पोहोचल्यास कायमचे अपंगत्व किंवा मृत्यूही ओढवू शकतो. १९६३ मध्ये ग्रीसमधील डॉक्टरांनी अशा नवजात बाळांची नोंद केली होती.

त्यामुळे बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवूच नयेत. धुऊन, कडक उन्हात वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवावेत. एकदा धुतल्यावरही वास येत असेल, तर ते कापड बाळासाठी वापरू नये. बाळ पिवळे किंवा फिकट दिसू लागले, लघवी गडद झाली, दूध ओढेनासे झाले, तर तातडीने रुग्णालय गाठावे आणि घरात डांबरगोळ्या वापरल्या असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.