कापडाचं कूळ ओळखणारं पातेलं

एक पांढरा सुती कुर्ता घ्या. धुऊन धुऊन पिवळट पडलेला, पण कापड अजून धड, म्हणून टाकवत नसलेला. गडद निळ्या रंगाची पुडी आणा, पातेल्यात पाणी उकळा, रंग आणि मूठभर मीठ घाला, कुर्ता बुडवा आणि तासभर ढवळत राहा. खळबळून धुतलात की कुर्ता निळाभोर! आता तो जरा डोळ्यांजवळ धरा. खांद्याची शिवण, बाहीची दुमड, काजांभोवतीचे टाके, सगळं अजून पांढरंशुभ्र. पातेलं एकच, पाणी एकच, वेळही तेवढाच. मग कापडाने रंग पोटभर घेतला आणि त्याच कापडातून आरपार गेलेल्या दोऱ्याने थेंबभरही का घेतला नाही?

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये हा प्रश्न अगदी घरचा आहे. इथल्या पहिल्या सेक्टरमध्ये निफ्ट ही फॅशन शिकवणारी राष्ट्रीय संस्था आहे, होसूर रोडला लागून बोम्मनहळ्ळीत कपडे शिवणारे कारखाने आहेत आणि घरोघरच्या कपाटांत स्टार्टअप कंपन्यांनी वाटलेल्या टी-शर्टांचे ढीग आहेत. कापड इथे शिकवलं जातं, शिवलं जातं आणि फुकट वाटलंही जातं.

उत्तर एका शब्दाचं आहे: दोरा पॉलिएस्टरचा होता. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. रंग मात्र कापडाचं कूळ विचारल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. आणि त्याचा कुळाचा हिशेब आपल्यापेक्षा अगदी वेगळा! आपण दोन ढीग करतो, नैसर्गिक आणि कृत्रिम. रंगाला ही वाटणी ठाऊकच नाही.

सुतापासून सुरुवात करू. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज, साखरेचे हजारो रेणू एकाला एक जोडून झालेली साखळी. तिच्यावर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि त्यांना पाण्याची भारी ओढ. म्हणून सुती कापड पाणी पितं आणि पाण्याबरोबर रंगही आत शिरतो. एक अडचण मात्र असते. पाण्यात भिजलेल्या सुतावर किंचित ऋण भार येतो, पुडीतल्या रंगावरही ऋणच, त्यामुळे दोघं एकमेकांना दूर लोटतात. तिथे आपलं स्वयंपाकघरातलं मीठ कामाला येतं. मिठाचे धन भार मध्ये येऊन ती लोटालोट शमवतात आणि रंग सुताला जाऊन टेकतो. मूठभर मीठ असं विजेच्या भारांचं राजकारण सांभाळतं!

रेशीम आणि लोकर यांचं कूळ दुसरं. ती प्रथिनं आहेत. पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं की त्यांच्या रेणूंवर धन भार चढतो आणि ऋण भाराचा रंग आपण होऊन ओढला जातो. चांगलं जमलं तर तासाभराने पातेल्यातलं पाणी जवळजवळ नितळ होतं. सगळा रंग रेशमाने गिळलेला असतो.

आता धक्का. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या हाताखाली जन्मलं. त्याचा किड्याशी किंवा मेंढीशी काडीचा संबंध नाही. पण त्याच्या साखळीतले दुवे ज्या प्रकारच्या बंधाने जोडलेले असतात, तोच बंध रेशमातही असतो. म्हणून रेशमाचा रंग आणि तेच व्हिनेगर नायलॉनलाही चालतं! उलट व्हिस्कोस रेयॉन कारखान्यात बनतो, पण लाकडाचा लगदा विरघळवून, म्हणजे मुळात तो सेल्युलोजच. रंगाच्या लेखी तो कापसाचा सख्खा भाऊ. जन्म शेतात झाला की कारखान्यात, याच्याशी रंगाला कर्तव्य नाही. रेणू कोणता, एवढंच तो बघतो.

मग आपल्या जुन्या रंगाऱ्यांनी हे रेणू न पाहता काम कसं निभावलं? मंजिष्ठेच्या मुळीचा लाल रंग नुसता सुतावर टाकला तर धुण्यात निघून जातो. त्यांनी मध्ये तुरटी आणली. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने तंतू धरतं आणि दुसऱ्या हाताने रंग. दोन्ही घरांत ऊठबस असलेल्या, लग्न जुळवणाऱ्या आत्याबाईच जणू. सूत आणि तुरटीचंही फारसं पटत नाही, म्हणून आधी हिरड्याच्या पाण्यात कापड बुडवायचं. हिरड्यातलं टॅनिन सुताला चिकटतं, तुरटी टॅनिनला आणि रंग तुरटीला. तुरटीऐवजी हिराकस घातलात तर तेच हिरड्याचं कापड डोळ्यांदेखत काळं पडतं.

ही विद्या किती जुनी? मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. त्याचे तंतू १९२०च्या दशकात मुंबईत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत तपासले गेले. कापड कापसाचंच निघालं, आणि त्यावरचा रंग मंजिष्ठेच्या जातीचा. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी सुताला लाल रंग धरायला लावला होता.

एचएसआरमधल्या बोअरच्या जड पाण्याला सगळे शिव्या घालतात. डाळ शिजत नाही, गीझरमध्ये खडे साचतात, साबणाला फेस येत नाही. पण मंजिष्ठेला हेच पाणी आवडतं! त्यातल्या कॅल्शियममुळे तिचा लाल आणखी खुलतो. हे पाणी आणणाऱ्या टँकरवाल्याला असं प्रशस्तिपत्र दुसरं कोण देणार?

निळीची तर तऱ्हाच न्यारी. ती पाण्यात विरघळतच नाही, मग तंतूत शिरणार कशी? त्यासाठी चुना आणि गूळ घालून ती कोमट ठेवतात. हवा नसलेल्या त्या चुन्याच्या पाण्यात गुळातली साखर निळीचं रूप पालटते आणि ती विरघळून पिवळट-हिरवी होते. कापड बुडवून वर काढा. पहिल्या क्षणी ते हिरवं असतं. मग हवेतला ऑक्सिजन लागतो आणि कडेकडेने निळा रंग चढत जातो. मिनिटा-दोन मिनिटांत सारं कापड निळं. रंग तुमच्या हातात, दोरीवर, हवेमुळे जन्मतो! आणि आता तो पुन्हा न विरघळणारा झालेला असतो, तंतूंच्या आत अडकलेला.

१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन डांबरातल्या रसायनांपासून हिवतापावरचं क्विनीन बनवू पाहत होता. हाती आला जांभळा रंग. रेशमावर तो झटकन बसला, सुतावर बसेना. तिथे पुन्हा टॅनिनलाच बोलवावं लागलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९५६मध्ये, इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने सुताशी थेट रासायनिक बंध जोडणारे रंग बाजारात आणले. रॅटी आणि स्टीफन या दोन रसायनशास्त्रज्ञांचं हे काम. उकळणं नको, मध्यस्थ नको; साधं पाणी आणि धुण्याचा सोडा पुरतो. सोड्यामुळे रंग तंतूच्या रेणूचाच भाग होतो. पण एक घाई असते: सोडा पडला की रंग पाण्याशीही जोडला जाऊ लागतो, म्हणून कालवलेला रंग उद्यासाठी ठेवता येत नाही. आणि इथे बोअरचं पाणी घात करतं. सोडा आणि कॅल्शियम मिळून खडूसारखा साका धरतो, म्हणून हे काम नळाला येणाऱ्या कावेरीच्या पाण्यावरच करावं.

राहिलं पॉलिएस्टर, आपल्या आजोबांच्या टेरिकॉट पँटीतलं. ते प्लास्टिक आहे; पाण्याला दारात उभं करत नाही. त्याच्यासाठी पाण्यात न विरघळणारा, बारीक पूड होऊन तरंगणारा रंग लागतो. साधारण ७०-८० अंशांच्या वर पॉलिएस्टरच्या घट्ट साखळ्या हलू लागतात, फटी पडतात, रंग आत शिरतो आणि चक्क कापडातच विरघळतो! थंड झालं की फटी बंद. गिरण्यांत हे दाबाखाली, १३० अंशांना करतात. मुंबईत उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांवर थांबतं. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच, म्हणून इथे ते ९७च्या आसपासच उकळतं. शहराची उंचीसुद्धा पॉलिएस्टरच्या बाजूने! घरी रंग चढला तरी फिकाच चढतो. कुकरचा मोह टाळा. रंगाची भांडी स्वयंपाकात परत नेऊ नयेत.

हाच रंग सुमारे २०० अंशांना तापवला तर वितळण्याऐवजी त्याची वाफ होते. कागदावर छापलेलं चित्र पॉलिएस्टरच्या टी-शर्टवर दाबलं की वाफ तंतूंत शिरते आणि कंपनीचं बोधचिन्ह कायमचं उमटतं. सुती टी-शर्टवर हा खेळ रंगत नाही.

कोणता रंग कोणत्या कुळाला धरतो हे पाहायला रंगशाळांत कापडाची एक पट्टी वापरतात. लोकर, ॲक्रिलिक, पॉलिएस्टर, नायलॉन, कापूस, ॲसिटेट असे पट्टे शेजारी शेजारी विणलेले, सगळे पांढरे. अनेक रंगांच्या मिश्रणात ती बुडवली की प्रत्येक पट्टा आपापला रंग निवडून घेतो. कापडाचं कूळ ओळखायला घरी हवी तर सोपी परीक्षा आहे: दुमडीच्या आतला एक धागा चिमट्यात धरून ज्योतीला लावा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सूत किंवा रेयॉन, केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर, वितळून कडक गोळी झाली तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. मग सुताला सोडा, रेशमाला व्हिनेगर. आणि पॉलिएस्टरवर गडद काळा हवा असेल, तर लांबूनच नमस्कार.