गोव्याऐवजी बीड

कोल्हापूर ते बीड ही आमची सायकलफेरी दोन-तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत झाली. तिचे फोटो सगळ्यांनी पाहिले, शाबासकीही मिळाली. निघण्याआधीच्या तीन महिन्यांबद्दल मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी फेरी त्या तीन महिन्यांतच झाली. नंतर उरलं ते पायडल मारणं.

दसऱ्याच्या सुमारास बेत ठरला तो पुणे-गोवा असा. पुण्यातला सायकलवाला दुसरं काय ठरवणार? कात्रज, खंबाटकी, सातारा, कोल्हापूर, आजरा, मग आंबोलीचा उतार आणि खाली सावंतवाडी. रस्ता पाठ, मिसळीची ठिकाणं पाठ. निधी द्यायचा होता बीड जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाला. आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेली मुलं तिथे राहून शिकतात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक अशी पांगतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुलं बरोबर नेली की शाळा सुटते. त्यातही आधी सुटते ती मुलीची, कारण आई फडात गेल्यावर धाकट्याला सांभाळायला कोपीवर कुणीतरी हवं असतं.

आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांना हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बीडच्या पोरांसाठी गोव्याला जाताय होय? छान."

त्या 'छान'ने पुढची बैठक खाल्ली. शेवटी गोवा रद्द झालं. मजूर हंगाम संपवून ज्या दिशेने घरी जातात, तीच वाट आम्ही धरायची ठरवली: कोल्हापूर, मिरज, सांगोला, पंढरपूर, बार्शी, येरमाळा, बीड. गोवा गळालं तशी काही माणसंही गळाली. कुणाला अचानक लग्नं निघाली, कुणाचा गुडघा दुखू लागला. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. समुद्रावर पोचायचं आहे म्हणून सायकल चालवणाऱ्यात गैर काही नाही, फक्त त्याला देणगीची झालर कशाला लावायची?

आजोबांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "जायला-यायला खर्च करणार, राहायला खर्च करणार. तेवढे पैसेच का नाही देत?" हा प्रश्न जगात सगळीकडे विचारला गेला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिली स्टार यांनी १९८० साली ३६ सायकलस्वारांना घेऊन कर्करोग संशोधनासाठी फेरी काढली आणि १०,२०० डॉलर जमवले. ती पॅन-मास चॅलेंज आजही चालते. स्वारांनी गोळा केलेली देणगी पूर्णच्या पूर्ण संस्थेकडे जाते, आयोजनाचा खर्च प्रायोजकांकडून आणि नोंदणी शुल्कातून निघतो. उलट कॅलिफोर्नियात १९९४ साली एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी मोठी फेरी सुरू झाली. तिच्या आयोजनावर होणाऱ्या खर्चावरून पुढे इतकी टीका झाली की २००२ मध्ये एड्ससाठी काम करणाऱ्या संस्थांनी स्वतःची वेगळी फेरी उभी केली. सात दिवस, ५४५ मैल. तिने वर्षानुवर्षं भरपूर पैसा उभा केला, पण खर्च वाढत गेला, माणसं घटत गेली आणि २०२५च्या जूनमध्ये तीही कायमची थांबली. म्हणजे आजोबा चुकत नव्हते.

आम्ही दोन नियम केले. प्रवास, मुक्काम, जेवण, टी-शर्ट हे सगळं ज्याचं त्याच्या खिशातून. आणि देणगी आमच्या हाती येणारच नाही, थेट संस्थेच्या बँक खात्यात. यातून जो पत्रव्यवहार निघाला, त्याने सिंहगडाच्या चढापेक्षा जास्त दमवलं. देणगीदाराला कलम ८०जीची पावती हवी, तर त्याचा पॅन संस्थेकडे हवा. पॅन मागितला की निम्मे लोक गप्प. दोन हजारांच्या वर रोख दिले तर वजावट नाही, हे सांगितलं की आणखी काही गप्प. नव्या करप्रणालीत ही वजावटच मिळत नाही, हे कळल्यावरही ज्यांनी पैसे पाठवले, त्यांची नावं मला अजून लक्षात आहेत. पैसे मागायला लाज वाटते हे मी आधी ऐकून होतो. प्रत्यक्षात लाज आठवडाभरात सरते. मग उरतो तो हिशेब.

रस्ता बदलला तसा सरावही बदलला. आंबोलीसाठी घाट चढत होतो, आता समोर सपाटीचा पल्ला होता. सपाटी म्हणजे सोपं, असं घाट न चढणाऱ्यांना वाटतं. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून नाहीतर ईशान्येकडून येतो आणि आम्ही नेमके ईशान्येकडे निघालो होतो. वाऱ्याला घाटमाथा नसतो. म्हणून डिसेंबरातले रविवार सोलापूर रस्त्यावर गेले: हडपसर, लोणी काळभोर, यवत. एकामागे एक रांगेत चालवायचं, पुढच्याने वारा झेलायचा, थोड्या वेळाने मागे यायचं. खड्डा दिसला की ओरडायचं. काही जणांना पुढे राहायची इतकी हौस, की त्यांना मागे आणायला प्रेमाने आणि शेवटी रागावून सांगावं लागलं.

सायकलींचं काम कसब्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात. मालकांनी रिमचा आऊट काढला, ब्रेकचे पॅड बदलले आणि चेनवर पट्टी ठेवली. चेनच्या चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच, त्याहून एक सोळांश इंच जास्त भरली की चेन गेली. माझी गेली होती. नवी टाकली, पण लगेच चालवून रुळवून घ्या असं बजावलं. सीट, बूट, चड्डी यांतलं काहीही नवीन शेवटच्या दोन आठवड्यांत घ्यायचं नाही, हाही हुकूम त्यांचाच. मग त्यांनी विचारलं, "बीडकडे म्हणजे बाभळी. ट्यूबा किती घेतल्यात?" आकडा ऐकून त्यांनी मान हलवली आणि गठ्ठाच पुढे सरकवला.

बाभळीपेक्षा मोठी भीती उसाच्या ट्रॉल्यांची. गाळपाच्या दिवसांत पहाटे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. म्हणून मिरजेपर्यंतचा टप्पा उजाडल्यावरच सुरू करायचा ठरला. त्याच ट्रॉल्यांवर वसतिगृहातल्या मुलांचे आईबाप बसलेले असणार, हे वेळापत्रक लिहिताना कुणीतरी बोलून गेलं.

शेवटच्या आठवड्यात वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंचा फोन आला. आम्ही खाऊ आणि वह्यांचं विचारत होतो. त्या म्हणाल्या, "वह्या पुष्कळ येतात, सर. पोरं थंडीत गार पाण्याने अंघोळ करतात, त्याचं काही जमतंय का बघा." जमलेल्या निधीतून सौर बंब बसवायचा, हे त्या फोनवरच पक्कं झालं. पुढे त्यांची अट: बॅनर नको, मुलांना रांगेत उभं करून फोटो नको, आणि घटक चाचणी दुपारी तीनला संपते, त्याआधी फाटकाशी येऊ नका.

आमच्या कागदावर बीडला पोचायची वेळ सकाळी अकराची होती, स्वागतासाठी सोयीची म्हणून. ती खोडली. बार्शीहून निघायचं उशिरा, येरमाळ्याला जेवायचं, मांजरसुंब्याचा घाट दुपारी उतरायचा आणि चारला पोचायचं, असं नवं वेळापत्रक छापलं. बॅनरचे पैसे छापणाऱ्याने परत दिले नाहीत, ते आम्ही आपसात वाटून घेतले.