बाळंतिणीची सायकल

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरी, जेथे नारळी-पोफळींतून जाणारा समुद्राकडचा सपाट रस्ता आणि सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर, नेणारी दमछाक करणारी चढण हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे नवप्रसूत स्त्रीने पुन्हा सायकलवर केव्हा बसावे, हे पंचांगापेक्षा तिच्या शरीरालाच विचारणे श्रेयस्कर. शेकशेगडी आणि अळिवाच्या लाडवांसह आजीबाईंनी ठरवलेली सव्वा महिन्याची मुदत गर्भाशय पूर्वस्थितीस येण्याच्या सुमारे 6 आठवड्यांशी बरीच जुळते. परंतु मुदत सरली म्हणजे सर्व इजाजत मिळाली, असे नव्हे. गर्भभाराने ताणलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, मध्यभागी विलग झालेले पोटाचे स्नायू, शस्त्रक्रियेची जखम, यांना पूर्ववत व्हायला कित्येकदा महिनोन्‌महिने लागतात. सायकलीत धावण्याची आदळआपट नसते हे खरे. तथापि बराचसा भार सीटवर, म्हणजे नेमक्या योनीजवळच्या दुखऱ्या टाक्यांवर पडतो. म्हणून डॉक्टरांच्या तपासणीनंतर आधी चालणे व तळस्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम, मग रुंद सीट आणि सपाट रस्ता. सडा पुष्कळ पुढे. रक्तस्राव वाढला, लघवी गळू लागली किंवा ओटीपोटात जडपणा आला, तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. (या तक्रारी लाजेखातर दडपण्याचा आपला दस्तुर मला घातक वाटतो.)

इंग्लंडची सायकलपटू लिझी डाइग्नन सप्टेंबर 2018 मध्ये प्रसूत झाली, 2019 च्या वसंतात शर्यतीत परतली आणि 2 ऑक्टोबर 2021 रोजी महिलांची पहिली पॅरिस-रूबे शर्यत जिंकली. पण तो व्यावसायिक खेळाडूचा दाखला. वेळणेश्वरच्या बाळंतिणीसाठी मूल अर्धा तास सांभाळणाऱ्या माणसाची तजवीज घरच्यांनी आधी करावी.