निवृत्तिवेतनात बसणारे चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात थोडी कीव असते. ब्रिटनमधील कित्येक वृद्ध दांपत्ये मात्र असले बिऱ्हाड हौसेने विकत घेतात. नोकरी संपली, मुले आपापल्या संसाराला लागली, की मोटारीच्या मागे एक लहानसे चाकांचे घर जोडायचे आणि निघायचे. या घराला तिकडे कॅराव्हॅन म्हणतात. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची सोय, बसायला बाके आणि बहुधा एक चिमुकले न्हाणीघर. वाचकांच्या मनात पहिला प्रश्न येईल तो हा की, पेन्शनीत हे परवडते कसे? प्रश्न रास्त आहे, कारण ते सर्वांनाच परवडते असे नाही.

तेथील सरकारी निवृत्तिवेतनाचा नव्या पद्धतीचा पूर्ण दर २०२५-२६ या वर्षी माणशी आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स होता. म्हणजे वर्षाला बारा हजार पौंडांना थोडे कमीच. ज्यांना नोकरीचे वेगळे निवृत्तिवेतन नाही त्यांना घरपट्टी, वीज आणि वाणसामान या पैशातच भागवावे लागते. उरलेल्यातून सहल काढायची आहे, हे ध्यानात घेऊनच पुढचा हिशेब पाहावा.

आरंभी हा छंद श्रीमंतांचाच होता. नौदलात शल्यवैद्य म्हणून काम केलेले लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून केवळ भटकंतीसाठी 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी बांधवून घेतली. गाडी हाकायला सारथी, दिमतीला एक नोकर, असा त्यांचा थाट होता. १९०७ मध्ये कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला तेव्हाही सभासद खाऊनपिऊन सुखी घरचेच होते. मोटारीमागे ओढायच्या गाड्या पहिल्या महायुद्धानंतर तयार होऊ लागल्या, आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात त्या यायला आणखी काही दशके जावी लागली.

आता मुख्य गोष्ट. कॅराव्हॅनचा खर्च दोन प्रकारचा असतो. तळावर उतरण्याचे भाडे आणि पेट्रोल हा एक. तो बाहेर पडले तरच होतो. दुसरा खर्च गाडी दारात नुसती उभी असतानाही चालूच असतो: विमा, वार्षिक तपासणी, अंगणात जागा नसेल तर ती ठेवण्याचे भाडे, आणि दरसाल घटणारी तिची किंमत. समजा, हा दुसरा खर्च वर्षाकाठी १,२०० पौंड धरला. उन्हाळ्यात चौदा रात्री गाडी वापरणाऱ्याला प्रत्येक रात्रीमागे सुमारे ८६ पौंड तळावर पोहोचण्यापूर्वीच मोजावे लागले. साठ रात्री वापरणाऱ्याला तेच वीस पौंड पडले. पहिल्याने सरळ एखाद्या खाणावळवजा घरी खोली घेतली असती तर बरे झाले असते. दुसऱ्याची सहल स्वस्त झाली ती काटकसरीमुळे नव्हे, तर त्याच्यापाशी वेळ होता म्हणून. निवृत्त माणसापाशी पैसा बेताचा आणि वेळ मुबलक असतो. वेळ खर्चून पैसा वाचवता येईल अशी सोय कॅराव्हॅनमध्ये आहे. जो नोकरीतल्यासारखा पंधरा दिवसांचाच प्रवास करतो, त्याच्या हाती ती लागत नाही.

वेळ मुबलक असला की आणखी पुष्कळ गोष्टी आपोआप साधतात. शाळांना सुट्ट्या लागल्या की तळांचे दर चढतात. मे, जून किंवा सप्टेंबरात, त्यातही आठवड्याच्या मधल्या दिवसांत, ते उतरतात. एका जागी दहा दिवस राहिले की पेट्रोल वाचते. मागे गाडी ओढणारी मोटार पेट्रोल नुसती पिते, म्हणून जाणते लोक मुक्काम थोडे आणि लांब ठेवतात.

उतरायचे कोठे, यावरही बरेच अवलंबून आहे. मोठ्या तळांवर गरम पाण्याची स्नानगृहे, कपडे धुण्याची यंत्रे, क्वचित पोहण्याचा तलावही असतो; त्या सर्वांचे पैसे भाड्यात आलेच. परंतु १९६० च्या कॅराव्हॅन कायद्याने मान्यताप्राप्त संस्थांना एक मुभा दिली आहे: त्यांनी प्रमाणित केलेल्या जागेवर एका वेळी पाचपर्यंत कॅराव्हॅन उभ्या राहू शकतात, आणि त्यासाठी मालकाला वेगळा परवाना काढावा लागत नाही. त्यामुळे कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या कुरणाचा एक कोपरा सभासदांसाठी मोकळा ठेवला आहे. पाण्याचा नळ, कचऱ्याची जागा, संडासाची पेटी रिकामी करण्याची सोय, एवढेच पुष्कळ ठिकाणी मिळते. सकाळी कुंपणापलीकडे मेंढरे चरत असतात, आणि अंडी शेतकऱ्याच्याच घरून येतात. आम्हाला विचाराल तर पोहण्याच्या तलावापेक्षा हा शेजार केव्हाही चांगला.

तळावर बिऱ्हाड थाटले की मोटारीची किल्ली खुंटीला लावावी. इंग्लंडमध्ये निवृत्तिवेतनाचे वय झालेल्यांना स्थानिक बसचा पास मिळतो. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर तो चालतो, आणि २००८ पासून तो इंग्लंडभर लागू आहे. यॉर्कशायरच्या आजीबाई डेव्हनच्या किनाऱ्यावरील गावे त्यावर फुकट पाहू शकतात. तळ निवडताना जवळून बस जाते की नाही, हे आधी विचारणारे लोक शहाणे म्हणायचे.

खरा धोका आहे तो खरेदीत. निवृत्त होताना एकरकमी पैसा हाती येतो, प्रदर्शनात नवी कोरी गाडी झगमगत असते, आणि आयुष्यभराची पुंजी एका दुपारी तिच्यात जाते. वास्तविक नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच भराभर उतरते. जुनी घ्यावी, मात्र तिचा हाडवैरी जो ओलावा, तो तपासून घ्यावा. खिडक्यांच्या रबरातून आणि सांध्यांतून शिरलेले पाणी आतल्या आत लाकूड कुजवते, आणि वरून काहीच दिसत नाही. ओल मोजण्याचे लहान यंत्र मिळते. ते कोपऱ्याकोपऱ्याला लावून पाहावे, पायाखालची जमीन मऊ लागते का तेही पाहावे. टायर झिजल्याचे दिसत नसले तरी उभ्या उभ्या वयाने निकामी होतात. चोरीची किंवा कर्ज न फेडलेली गाडी गळ्यात पडू नये म्हणून १९९२ पासून तेथे नोंदणीची पद्धत आहे, आणि क्रमांक खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो.

वजनाचा नियमही पेन्शनरांच्या फायद्याचाच आहे. भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या शेकडा ८५ हून अधिक असू नये, असा नवशिक्यांना सल्ला देतात. मोटार १,५०० किलोंची असेल तर १,२७५ किलोंपर्यंत. यापेक्षा जड गाडी मागे नागमोडी हेलकावे घेऊ लागली की आवरणे कठीण. दोघांना दोघांपुरती हलकी गाडी घेतली तर लहान मोटारीवर भागते.

एकाच जागी कायम उभ्या असलेल्या कॅराव्हॅनचाही मोह पडतो. तेथे घर आपले असले तरी जमीन मालकाची असते. तिचे वार्षिक भाडे वाढत जाते, आणि विकताना मालक दलाली घेतो. करारपत्र वकिलाला दाखवल्यावाचून सही करू नये.

हिवाळा स्पेनच्या उन्हात काढण्याची चाल मात्र आता आखडली आहे. पोर्ट्समथहून सांतान्देरला बोटीने गाडी न्यायची आणि वसंतात परतायचे, असे पुष्कळ जण करीत. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश नागरिकांना बिगरव्हिसा १८० दिवसांत ९० दिवसच तेथे राहता येते. म्हणून काही जण हिवाळ्याचे एकदोन आठवडे मायदेशीच बाहेर पडतात. त्यांनी ब्यूटेनऐवजी प्रोपेन गॅस बरोबर घ्यावा. ब्यूटेन गोठणबिंदूच्या आसपास शेगडीपर्यंत पोहोचतच नाही.

शेवटी एक गोष्ट, जिच्याविषयी दांपत्ये बोलायचे टाळतात. सत्तराव्या वर्षी मोटार चालवण्याचा परवाना नव्याने काढावा लागतो, आणि मग दर तीन वर्षांनी. बहुतेक घरांत गाडी ओढण्याचे काम नवराच करतो. बायकोने आकडासुद्धा जोडलेला नसतो. त्याचे डोळे अधू झाले किंवा तो गेला, की गाडी अंगणात तशीच उभी राहते, आणि बरोबर मैत्रिणीही तुटतात, कारण त्या तळांवरच्याच असतात. क्लब सभासदांना गाडी ओढण्याचे आणि मागे घेण्याचे शिक्षण देतात. ते दोघांनी साठीतच घ्यावे. बटण दाबताच गाडी जागेवर फिरवणारे विजेवरचे साधनही बसवता येते. त्यामुळे एकट्या बाईला कोणाची वाट पाहावी लागत नाही. आणि एवढे करूनही गाडी विकायची वेळ आलीच, तर हिवाळा संपता संपता विकावी. ऑक्टोबरात गिऱ्हाईक भाव पाडून मागते, कारण विकणाऱ्याला आणखी एक हिवाळा जागेचे भाडे भरायचे नाही हे त्याला ठाऊक असते.