दाढेच्या सुईला घाबरणाऱ्यांसाठी



१६ जून ते १५ ऑगस्ट आपली मासेमारी बंद. या दोन महिन्यांत जाळी शिवून होतात, डोंगे दुरुस्त होतात, पण दुखरी दाढ तशीच राहते. विचारलं की एकच उत्तर, "सुई लावतात ना तिथं!" सिंघीचा काटा हातात घुसला तरी जाळं न सोडणारी माणसं दाताच्या डॉक्टरच्या दारातून परत आलेली मी पाहिली आहेत. मी पण त्यातलाच, म्हणून लिहितो.

माझी खालची दाढ चार महिने दुखत होती. लवंगेचं तेल, दुकानातली गोळी, असं चाललं. गाल सुजला तेव्हा गेलो. डॉक्टरनं सुई लावली, पण दाढ नीट सुन्न झालीच नाही. दुसरी लावली, तरी तेच. मग पू काढला, औषध दिलं आणि पाच दिवसांनी बोलावलं. तेव्हा मात्र एका सुईत काम झालं. कारण डॉक्टरनं सांगितलं. पू झाला की तिथलं मांस आंबट म्हणजे आम्ल होतं, आणि त्यात सुन्न करणारं औषध नसेपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे सुईच्या भीतीनं जितका उशीर करू, तितक्या सुया वाढतात.

आता दुखतं कशानं ते समजून घ्या. आपल्याला वाटतं सुई टोचल्यानं. पण दाताची सुई केसासारखी बारीक असते, टोचणं क्षणाचं असतं. जास्त दुखतं ते औषध आत शिरताना. औषध जोरात ढकललं की मांस ताणतं. टाळूचं मांस हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून तिथं सगळ्यात जास्त कळ येते. दुसरं म्हणजे जळजळ. औषध बहुतेक लिग्नोकेनच असतं, १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये शोधलेलं. त्यात अॅड्रेनलीन मिसळतात, म्हणजे रक्त कमी येतं आणि सुन्नपणा जास्त वेळ टिकतो. हे अॅड्रेनलीन खराब होऊ नये म्हणून औषध थोडं आम्ल ठेवतात. तेच आत गेल्यावर झोंबतं.

यावर उपाय आहेत, आणि ते आपण मागू शकतो. लाजू नका.

आधी हिरडीवर सुन्न करणारा जेल किंवा स्प्रे लावायला सांगा. जागा कापसानं कोरडी करून लावला आणि एक-दोन मिनिटं थांबलं तरच गुण येतो. लावला की लगेच टोचलं तर काही उपयोग नाही. टाळूला टोचायचं असेल तर काही डॉक्टर आधी बर्फ टेकवतात.

"डॉक्टरसाहेब, हळू द्या" हे तर नक्की म्हणा. एक मिली औषधाला साधारण एक मिनिट लागलं पाहिजे. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो, आणि याला पैसाही लागत नाही. काही डॉक्टर टोचताना गाल ओढून हलवतात. ती चेष्टा नाही, त्या हलण्यात टोचणं कमी जाणवतं. काही जण औषध अंगाइतकं कोमट करतात किंवा त्यात सोडा मिसळून आम्लपणा मारतात. हे काम डॉक्टरचं आहे, घरचा खायचा सोडा हिरडीला चोळू नका.

आपल्या हातात काय आहे? उपाशी जाऊ नका. सुईनं चक्कर येणारे बरेच जण रिकाम्या पोटी आणि घाबरलेले असतात. सुईकडे बघू नका, नाकानं हळू श्वास घ्या, दुखलं तर डावा हात वर करीन असं आधीच ठरवून घ्या. बीपी, हृदयाचा त्रास, शुगर, पोटातलं बाळ, चालू गोळ्या, आधी एखाद्या औषधानं अंगावर आलेलं, सगळं सांगा. सुईनंतर दोन-चार मिनिटं छाती धडधडली तर बहुतेक वेळा ते अॅड्रेनलीनचं काम असतं, तरी डॉक्टरला लगेच सांगा.

ओठ आणि जीभ दोन-तीन तास जड राहतात. तोवर गरम चहा नाही, जेवण नाही. लेकरांवर लक्ष ठेवा, सुन्न ओठ चावून ती रक्त काढतात. आणि दाढ काढली असेल तर खर्रा अजिबात नाही, जखम चिघळते.

आठवडी बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे जाऊ नका. त्याची सुई कुणाकुणाच्या तोंडात गेली हे कुणाला ठाऊक? डॉक्टरकडे नवी सुई समोर फोडायला सांगा, तो आपला हक्क आहे.

गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला तर वाट न बघता जिल्हा रुग्णालय गाठा. नुसती दाढ दुखत असेल तर बंदी उठायच्या आत दाखवून घ्या. एकट्याला जायची भीती वाटत असेल तर सोसायटीच्या कार्यालयात सांगा, मी सोबत येतो.

— सचिव