‘बोर्डिंग’ : एका शब्दाचा वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

शुक्रवार पेठ असो की सोलापुरातील अन्य कोणताही भाग, ‘मुलगा बोर्डिंगात आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला अधिक काही सांगावे लागत नाही. मुलगा घरापासून दूर राहतो, तेथेच जेवतो आणि शिकतो, हे सारे त्या एका शब्दात येते. इंग्रजीचे एक अक्षरही न वाचलेल्या आईच्या तोंडी हा शब्द सहज असतो. मौज अशी की, त्याच्या मूळ अर्थाचा राहण्याशी वा शिकण्याशी काहीच संबंध नाही. ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी.

जुन्या इंग्लंडात जेवणाचे मेज म्हणजे लाकडी घोड्यांवर टाकलेली लांब फळी असे. जेवण आटोपले की ती उचलून ठेवीत. त्यामुळे फळीचा शब्द मेजाला लागला, मेजाचा शब्द त्यावर वाढलेल्या अन्नाला लागला आणि पैसे भरून असे अन्न घेणारा ‘बोर्डर’ ठरला. याच मेजाभोवती विचारविनिमयास बसणाऱ्या मंडळींनाही ‘बोर्ड’ म्हणू लागले. आपले पूर्वीचे लोकल बोर्ड आणि ज्याच्या नावाने दहावीच्या मुलांची झोप उडते ते बोर्ड, ही दोन्ही त्याच फळीची नातवंडे होत. जहाजावर चढण्याचा ‘बोर्डिंग’ मात्र जहाजाच्या कडेवरून आला. कडेला त्या भाषेत असाच एक शब्द होता आणि कालांतराने दोन्ही प्रवाह एकत्र मिसळले.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. पाट म्हणजे बसायची फळी आणि पाणी म्हणजे पाणीच. पण ‘पाटपाणी झाले का?’ असे विचारणारी आजी जेवणाच्या तयारीविषयी बोलत असते. लाकडापासून अन्नापर्यंतचा जो प्रवास इंग्रजांनी मेजावरून केला, तोच आपण जमिनीवर मांडी घालून केला. साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. इंग्रजी शिकविताना अशा जोड्या मुलांपुढे ठेवल्या, तर पाठांतराचे निम्मे ओझे उतरते, असा माझा अनुभव आहे.

चिनी भाषकाची अडचण याहून मोठी आहे. त्याच्या भाषेतही वर्गातील फळ्याला शब्दशः ‘काळी फळी’ म्हणतात, म्हणून आरंभी त्याला सारे सोपे वाटते. पुढे निवासी शाळेसाठी त्याच्याकडे ‘परक्या ठिकाणी मुक्काम’ अशा अर्थाचा शब्द असतो, विमानात बसण्यासाठी ‘चढणे’ या अर्थाचा निराळा आणि संचालक मंडळासाठी आणखी निराळा. या तिन्हींत फळी कोठेच नाही. म्हणून इंग्रजीतील एकच शब्द त्याला चार अनोळखी माणसांसारखा भेटतो. वाहनात बसण्याचे त्यांचे आणखी एक अक्षर आहे, ते प्रवासी या शब्दातही येते. आपल्या ‘महायाना’तील ‘याना’साठी प्राचीन भाषांतरकारांनी हेच अक्षर योजले. ‘यान’ हा शब्द मुळात वाहनाचा. त्यांनी तो वाहनाच्याच शब्दाने नेला आणि लक्ष्यार्थ वाटेत सांडू दिला नाही. याच्या उलट वाट आपल्या सोलापुरात 1910 मध्ये जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी चालून दाखविली. 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, तेथील भाषा शिकले आणि 1942 मध्ये तेथेच निवर्तले.

व्यवहारातही हा भेद उपयोगाचा आहे. माजी विद्यार्थ्यांची मुले आता परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरतात. त्यांत ‘रूम अँड बोर्ड’ असा खर्चाचा रकाना असतो. तेथील ‘बोर्ड’ म्हणजे केवळ जेवण. मराठीत मात्र ‘बोर्डिंग’ने खोलीही आपल्यात सामावून घेतली.

फळा आणि अन्न या दोन अर्थांची सर्वांत कठोर गाठ आपल्या समाजाच्या स्मरणात आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी लहान भीमरावांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले, तेव्हा इतर मुले आधी धावली; कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमरावांचा हात फळ्याला लागण्यापूर्वी ते डबे दूर सारण्यात आले. फळ्याजवळ जाण्याचा अधिकार शाळेने दिला होता, अन्नाजवळ जाण्याचा समाजाने दिला नव्हता. म्हणूनच वसतिगृहाच्या चळवळीत अभ्यासाच्या खोलीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व स्वयंपाकघराला आले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळी कोल्हापुरात 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. साताऱ्यात 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना मुंबईत जुलै 1924 मध्ये झाली. खेड्यातील मुलाचे नाव हायस्कुलात लागले, तरी शहरात त्याला पाट मांडून वाढणारे घर मिळेलच, असा तो काळ नव्हता. सभेने जानेवारी 1925 मध्ये हायस्कुलात शिकणाऱ्या अशा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, ते आपल्या या सोलापुरात.